भूप की देशकार?

दिवाळीच्या चार दिवस आधी माझी भाची मांडव्याच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पाठांतराच्या वहीचे बाड. चेहरा मात्र सुट्टीला आलेल्या मुलीचा नव्हता. मांडव्याहून चौलला येईपर्यंत एस्टीत ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटले, रामरक्षा म्हणते आहे. नीट कान दिला तेव्हा कळले, ‘थाट कल्याण, जाती ओडव-ओडव, वादी गंधार, संवादी धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर.’

मुलगी नववीत. गाण्याची ‘मध्यमा’ची परीक्षा डिसेंबरात. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण धरतात, हे वाचकांतील बहुतेक आईबापांना ठाऊक असेलच. आमच्या बहिणीलाही ते ठाऊक आहे. क्लासात शास्त्राचा तास म्हणजे फळ्यावरचे उतरवून घेणे आणि घोकणे. (क्लास कोणता ते सांगत नाही. तो एकच असता तर सांगितलेही असते.) रात्री जेवणे झाल्यावर झोपाळ्यावर बसून तिने मला हळूच सांगितले, “मामा, परीक्षा झाली की मी गाणे सोडणार आहे. आईला अजून सांगितलेले नाही.”

“का गं? गळा तर चांगला आहे तुझा.”

“गायला आवडते. पण हे सगळे काय आहे तेच कळत नाही. दोन रागांना सूर तेच पाच, आणि साम्यभेद लिहा म्हणतात. सूर तेच, तर भेद कसला?”

प्रश्न चांगला होता. इतका चांगला की मला झोपाळ्यावर बसल्या बसल्या उत्तर देता आले नाही. मी म्हटले, “उद्या पहाटे उठशील का?”

आमच्याकडे कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा असतो. चौल म्हणजे नारळीपोफळीच्या वाड्यांचे गाव; पहाटे साडेचारला आळीतून निघाले की दोन्ही बाजूंना ओल्या पोफळींचा वास आणि पुढे कुणाच्या तरी कंदिलाचा, आता म्हणायचे तर बॅटरीचा, उजेड. देवळात पंधरावीस माणसे होती. पेटी, पखवाज, टाळ. बुवा आमच्याच गावचे. दिवसा वाडीचे शिंपणे आणि संध्याकाळी भजन. त्यांनी काळी एकच्या सुरात आलापी केली आणि अभंग सुरू केला. भाचीने माझा हात दाबला.

“मामा, भूप!”

“पहाटे पाचला?”

ती गप्प झाली. तिच्या वहीत भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात होता.

काकडा संपल्यावर बुवांना गाठले. “बुवा, हा कुठला राग म्हणायचा?” बुवांनी पेटीचा भाता बंद करीत सांगितले, “देशकार. माझ्या गुरूंनी देशकार म्हणून दिला. भूप असा नसतो. भूप खाली बसतो, हा वर उभा राहतो.” एवढे सांगून त्यांनी चहाची किटली पुढे ओढली. शास्त्रावर याहून लांब भाषण त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी भाची पाठकोऱ्या कॅलेंडरचे पान आणि पेन्सिल घेऊन देवळात आली. तिला मी एकच काम सांगितले होते: चीज ओळखायची नाही, वादीसंवादी आठवायचे नाही. बुवांचा आवाज ज्या सुरावर थांबेल त्या सुराखाली एक रेघ मारायची. थांबेल म्हणजे श्वास घेईल, किंवा तिथे टेकून मग पुढे जाईल. बस्स.

घरी येऊन रेघा मोजल्या. धैवताखाली सोळा, पंचमाखाली अकरा, वरच्या षड्जाखाली सात, गंधाराखाली चार. ऋषभाखाली एकही नाही. नंतर तिच्याच मोबाईलवर किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला आणि पहिल्या दहा मिनिटांत तसेच करायला सांगितले. गंधाराखालच्या रेघांना कागद पुरेना. ऋषभ ठळक, षड्ज ठळक, आणि धैवत बराच वेळ खालच्या सप्तकातला.

सूर पाचच: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, एकही सूर कोमल नाही. पण भूप सप्तकाच्या खालच्या अंगात, षड्जापासून पंचमापर्यंत, घर करून राहतो. देशकार पंचमाच्या वर, तार षड्जाच्या शेजाराने. भूपात ऋषभ हा यजमान आहे, देशकारात तो वाटेवरचा माणूस; त्याला हात जोडून पुढे जायचे. बुवांनी चहा ओतता ओतता म्हटलेले ‘खाली बसतो, वर उभा राहतो’ हे हेच. वहीतले ‘वादी गंधार’ म्हणजे तिच्या हातच्या त्या रेघाच, हे कळल्यावर भाचीचा चेहरा जरा मोकळा झाला. वादी हा कुणी ठरवून दिलेला अंमलदार नव्हे. गाणारे जिथे पिढ्यान्‌पिढ्या टेकत आले त्या जागेचे ते नाव आहे.

मात्र एक काटा राहिलाच, आणि तो तिनेच काढला. आपल्याकडे पहाटेच्या गाण्याला म्हणतात ‘भूपाळी’. नाव भूपाशी नाते सांगणारे, आणि वेळ मात्र पहाटेची! आजीच्या तोंडच्या पुष्कळ भूपाळ्या ह्याच पाच सुरांत चालतात. त्या भूपाच्या की देशकाराच्या? मी म्हटले, ज्या आजी म्हणत होत्या त्यांनी हा प्रश्न कधी केला नाही. नाव एका घराचे, वेळ दुसऱ्या घराची, असे आपल्या संगीतात होते. पुस्तकातले वेळापत्रक नंतरचे, आजीचे जाते आधीचे. परीक्षेत मात्र रात्रीचा पहिला प्रहर असेच लिहावे. तत्त्वासाठी गुण घालवण्याचे वय तिचे अजून झालेले नाही.

आता तिला दुसरा प्रश्न पडला. भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात, असे वहीत होते. कल्याणाची खूण तीव्र मध्यम. भूपात मध्यमच नाही, तर तो कल्याणात गेला कसा?

येथे वाचकांपैकी ज्यांची मुले गाणे शिकतात त्यांनी जरा थांबून स्वतः विचार करावा, कारण ही गंमत मुलांना सहसा कुणी दाखवीत नाही. थाट दहा: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. यांपैकी ऋषभ, गंधार आणि धैवत तिन्ही शुद्ध कुणात आहेत? बिलावलात, कल्याणात आणि खमाजात. तिघांतला फरक फक्त मध्यम आणि निषाद यांचा, आणि भूपाने नेमके तेच दोन सूर टाकलेले. म्हणजे नुसत्या सुरांवरून पाहिले तर भूप तिन्ही घरांत राहू शकतो. मग तो कल्याणात का? चालीवरून. ग रे सा असे उतरताना त्याची जी वळणे पडतात ती कल्याणाच्या कुळातली वाटतात, आणि देशकाराची बिलावलाच्या. थाट हा येथे सुरांच्या बेरजेने ठरलेला नसून कानाने दिलेला निकाल आहे. असे आहे हे पुस्तकात दोन ओळींत लिहिले असते तर केवढे पाठांतर वाचले असते!

हे दहा थाट लावणारा माणूस मराठी होता आणि वकील होता. विष्णु नारायण भातखंडे १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरास जन्मले. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, १८८७ साली वकिलीची परीक्षा. गाण्याचा नाद लहानपणापासून. सतार शिकले, पारशी मंडळींनी चालविलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त जाऊन धृपदे आणि ख्याल गोळा केले. पुढे पत्नी आणि एकुलती मुलगी थोड्या वर्षांच्या अंतराने गेल्या. वकिली मागे पडली आणि हा गृहस्थ गाड्यांतून हिंदुस्थानभर हिंडू लागला. १९०४ साली तो दक्षिणेत गेला. तेथे एट्टयपुरम्‌ला सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली, आणि वेंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’चा परिचय झाला. कर्नाटक पद्धतीत ७२ मेळ मांडून राग कसे वर्गात बसवले आहेत हे त्यांनी तेथे पाहिले, आणि उत्तरेच्या संगीताला असे काहीतरी हवे हा ध्यास घेऊन परतले.

उत्तरेत परिस्थिती काय होती? खांसाहेबांच्या पोतडीत चिजा होत्या आणि पंडितांच्या पोथ्यांत शास्त्र होते. दोघांची तोंडे दोन दिशांना. भातखंड्यांनी दोन्ही दारे ठोठावली. कुणी चीज देई, कुणी अर्धीच देई, कुणी दारच उघडीत नसे. जमविलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ लिहिले तेही स्वतःचे नाव झाकून, ‘चतुर पंडित’ म्हणून. आणि १९१० पासून १९३२ पर्यंत चार भागांत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मोठा ग्रंथ लिहिला तो मराठीत.

हे मी भाचीला दोनदा सांगितले. लखनौ-बनारसचे विद्यार्थी जो ग्रंथ हिंदी भाषांतरात वाचतात तो आपल्याला मुळातून वाचता येतो. शिवाय तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. शिष्याचे समाधान झाले नाही तर तो पुन्हा विचारतो. फळ्यावरून उतरवून घेण्याचा त्यात प्रकार नाही. मात्र हे पुस्तक हातात घेऊन बसले की कंटाळाही येतो, हेही कबूल करावे. पाल्हाळ आहे, आणि जुन्या ग्रंथकारांशी भांडणे पुष्कळ आहेत.

त्यांच्या थाटांवर टीकाही कमी झाली नाही. सगळे राग दहा खणांत कोंबताना काहींचे हातपाय बाहेर राहिले, असे जाणकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. भूपाचे उदाहरण वर आलेच. पण आधी खण नव्हतेच, हे विसरून चालणार नाही. माझे स्वतःचे मत असे, की थाट हे टपालाच्या पत्त्यासारखे आहेत. पत्त्यावरून माणूस कळत नाही, पण पत्र तरी पोचते.

दुसरे विष्णु दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाडचे (१८७२–१९३१). त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. राजेरजवाड्यांच्या देणगीपेक्षा लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर शाळा चालवायची, हे तेव्हा धाडस होते. आज आपली मुले ज्या परीक्षा देतात त्यांचे मूळ त्यांच्या शिष्यपरंपरेत; मंडळ १९३१ साली स्थापन झाले. दोघा विष्णूंच्या स्वरलिपी वेगळ्या. भातखंडे समेला फुली करतात आणि खालीला शून्य. पलुस्कर समेला एक लिहितात आणि खालीला अधिकाचे चिन्ह. मुले नेमकी येथे घोटाळा करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

नरकचतुर्दशीचा दिवस. पहाटेची अंघोळ, फराळ, काकडा सारे उरकल्यावर दुपारी वेळ होता. माळ्यावर आमच्या वडिलांचा तंबोरा आहे. त्याची जोडाची तार अजून शाबूत. भाचीला म्हटले, चल, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पंडिताची परीक्षा घेऊ.

अहोबल पंडितांचा ‘संगीतपारिजात’ हा सतराव्या शतकातला ग्रंथ. त्यात सूर कुठे आहे हे तारेच्या लांबीवरून सांगितले आहे. त्याआधीच्या ग्रंथांत २२ श्रुतींचा हिशेब आहे, पण श्रुती केवढी ते कानावर सोपवलेले. अहोबलाने वीणेवर माप धरले. आम्ही शिंपीकामाची टेप लावली. घोडीपासून वरच्या अटीपर्यंत तार बरोबर नव्वद सेंटिमीटर भरावी म्हणून थोडी खटपट करावी लागली. तारेखाली सरकवायला काहीतरी हवे होते. चौलात त्याला काय तोटा? अडकित्त्याने एक सुपारी मधोमध फोडली, तिचे अर्धुक सपाट बाजू खाली करून दांडीवर ठेवले. तार त्यावर टेकली आणि घोडीच्या बाजूचा तुकडा छेडला.

पंचेचाळीसवर, म्हणजे निम्म्यावर, वरचा षड्ज. साठवर पंचम. साडेसदुसष्टवर मध्यम. भाची प्रत्येक सूर गाऊन ताडून पाही आणि हसे. “आता गंधार,” मी म्हटले. “अहोबल म्हणतो, पूर्ण तार आणि पंचम यांच्या बरोबर मध्ये शुद्ध गंधार.”

नव्वद आणि साठ यांचा मध्य पंचाहत्तर. सुपारी सरकवली, तार छेडली. भाचीने सूर गायला आणि कपाळाला आठी घातली.

“मामा, हा तर कोमल गंधार आहे.”

“पुस्तकात शुद्ध लिहिले आहे.”

“मग पुस्तक चुकले.”

तिने पुन्हा मोजले. टेप बरोबर होती. सुपारी बहात्तरवर आणली तेव्हा कुठे तिच्या ओळखीचा शुद्ध गंधार लागला. पुस्तक चुकलेले नव्हते. अहोबलाच्या काळी ‘शुद्ध’ म्हणून जे सप्तक मानीत ते आपल्या काफी थाटासारखे होते. गंधार-निषाद आज आपण ज्यांना कोमल म्हणतो ते. बिलावलाला शुद्ध सप्तक मानण्याची रीत पुढची. पाटण्याच्या महंमद रझा यांनी १८१३ च्या सुमारास आपल्या ‘नग्माते आसफी’त ती मांडली, आणि भातखंड्यांनी तीच उचलली. नाव तेच राहिले, आत राहणारा बदलला.

हे तिला पटकन कळले, कारण ती चौलातच बसली होती. आमच्या ह्या गावाचे असेच आहे. टॉलेमीच्या ग्रीक ग्रंथात ह्याचे नाव सिमुल्ला आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्‌ मसूदी हा अरब प्रवासी येथे आला तेव्हा ते सैमूर होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन उतरला त्याचे स्मारक शेजारी रेवदंड्यास आहे. पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधला आणि १७४० साली तो मराठ्यांकडे आला. आज कुणी ‘चौलचे बंदर’ शोधीत आला तर त्याला खाडीचा गाळ आणि मचवे दिसतील. जुन्या कागदातले ‘चौल’ वाचताना आजचे चौल डोळ्यांपुढे आणून चालत नाही. जुन्या ग्रंथातला ‘शुद्ध गंधार’ वाचताना आजची पेटी कानापुढे आणली की तसाच घोटाळा होतो.

मग सगळा फराळ बाजूला राहिला आणि ती मागे मागे विचारू लागली. अहोबलाच्या आधी कोण? तेराव्या शतकातला शार्ङ्गदेव. तोही आपलाच म्हणायचा, कारण ‘संगीतरत्नाकर’ लिहिला गेला देवगिरीला, यादव सिंघणाच्या पदरी. घराणे काश्मीरचे; आजा दक्षिणेत आला. शार्ङ्गदेव स्वतः दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी होता. कचेरीत दिवसभर आकडे आणि घरी सात अध्यायांचा ग्रंथ: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडच्या पंडितांनी त्याला प्रमाण मानले. पण त्यातले राग आज जसेच्या तसे गाऊन दाखवणे कुणाला साधलेले नाही, हेही तिला सांगितले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी २२ श्रुतींची मापे काढण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घातली आणि १९१० साली त्यावर पुस्तक काढले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. वाद मिटला नाही. हिशेबनीस, वकील, डेप्युटी कलेक्टर, न्यायाधीश! आपल्या संगीतशास्त्राचे अर्धे काम कचेरीतून सुटलेल्या माणसांनी केले आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.

पाडव्याच्या संध्याकाळी बुवा आले. दिवे लागले होते. भाचीला म्हणाले, “चल, तुझा भूप ऐकव.” ती पेटीवर बसली. पांढरी पाच. बुवा भिंतीला टेकून ऐकत होते. तिने आलाप केला, गंधारावर थांबली, खाली धैवताला जाऊन आली. चीज म्हटली. मग रंगात येऊन दोनचार ताना वर घेतल्या आणि धैवतावर जाऊन जरा जास्तच रेंगाळली.

बुवांनी बोट वर केले. “कुठे गेलीस?”

ती जीभ चावून म्हणाली, “देशकारात.”

“कळले ना? मग जा, पण परत ये.” आणि त्यांनी हातानेच पुढे चालू ठेवायला सांगितले.

भाऊबीजेला बहीण आली. रात्री भाचीने तिला काय सांगितले ते मी ऐकले नाही. माजघरात दोघी बराच वेळ बोलत होत्या. क्लास बदलायचा की काय असे काहीसे चालले होते. सकाळी मांडव्याला पोचवायला गेलो तेव्हा लाँच लागलेली होती. भाचीने पिशवी उघडून दाखवली: कॅलेंडरची रेघांची पाने, शिंप्याची टेप, आणि कंपासपेटीत सुपारीचे ते अर्धुक.

“अगं, ती टेप आत्याची आहे.”

“परीक्षेनंतर आणून देते,” ती म्हणाली. “मामा, मारवा, पुरिया आणि सोहनी. तिघांचे सूर सारखेच आहेत, खरे ना? बुवांना येतात का?”

मी म्हटले, विचारून कळवतो.